ऑइल कूलर बसवल्यानंतर इंजिन ऑइल तापतच नाही? आधी काय तपासावे, मग काय बदलावे

देवगड तालुक्यातील कुणकेश्वर परिसरात आंबा बागायतदारांकडे आता लहान ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर सर्रास दिसतात. मोहोराच्या दिवसांत फवारणी, उन्हाळ्यात कलमांना टँकरने पाणी, जूनमध्ये खाचरात चिखलणी अशी वर्षभर त्यांना कामे असतात. गेल्या हंगामात तिथल्या एका बागायतदारांनी आम्हाला विचारले, "ट्रॅक्टरला ऑइल कूलर बसवून घेतला. तेव्हापासून ऑइलचा काटा 55 अंशांच्या पुढे जात नाही. हे चांगलेच ना?"

हे चांगले नाही. ऑइल फार तापणे जसे वाईट, तसे ते कायम थंड राहणेही वाईट असते. फरक इतकाच की तापलेले इंजिन त्याच दिवशी थांबते, थंड चालणारे इंजिन दोन-तीन हंगामांनी खर्चात घालते. तोवर कारण कोणाच्या लक्षात राहत नाही.

ऑइल थंड राहिल्याने काय होते?

बहुतेक डिझेल इंजिनांत, चांगल्या कामावर असताना, ऑइलचे तापमान साधारण 90 ते 110 अंश सेल्सिअस असते. हलक्या कामातही ते 80 च्या वर जायला हवे.

एक लिटर डिझेल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते. थोडी मात्र पिस्टन रिंगांच्या फटीतून ऑइल चेंबरमध्ये उतरते. ऑइल 80 अंशांच्या वर अर्धा-पाऊण तास राहिले, तर ही ओल ब्रीदरमधून बाहेर निघून जाते. ऑइल 50-60 अंशांवरच राहिले, तर ती आत साठते. ओल, काजळी आणि ऑइल मिळून गाळ होतो. हा गाळ ऑइलच्या वाटा अडवतो, आणि ओलीमुळे बेअरिंग व आतील भाग गंजतात.

इंजिनातील पाणीही थंड राहत असेल, तर आणखी एक नुकसान होते. डिझेल पूर्ण जळत नाही आणि त्यातले काही रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते, पातळी मात्र वाढलेली दिसते. "ऑइल कमी होत नाही, उलट वाढते" असे कोणी सांगितले, तर ती आनंदाची बातमी समजू नये.

विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनांत हाच दोष अनेकांनी पाहिला असेल. पंपाचे थंडगार पाणी थेट इंजिनातून फिरवले की इंजिन दिवसभर थंड राहते, धूर टाकते आणि डिझेल जास्त पिते. गरजेपेक्षा मोठा ऑइल कूलर हेच काम ऑइलच्या बाजूने करतो.

खुणा ओळखा

- ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आत पिवळसर-पांढरा, साईसारखा थर.
- डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली, ऑइलला डिझेलचा वास.
- तासभर काम करूनही ऑइल प्रेशरचा काटा सकाळच्या थंड इंजिनाइतकाच वर.

सावधान! पांढरटपणा झाकणापुरता नसून डिपस्टिकवरील ऑइलही दुधी दिसत असेल आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल, तर दोष वेगळा आहे. हेड गॅस्केटमधून, किंवा पाण्यावर चालणारा ऑइल कूलर असल्यास त्यातून, पाणी ऑइलमध्ये शिरत असू शकते. अशा वेळी इंजिन चालवू नये, मेकॅनिकला बोलवावे.

तपासणी: या क्रमाने करा

1. काटा खरे सांगतो का?
सर्वप्रथम हेच पाहावे, कारण यात पैसे लागत नाहीत. तापमानाचा सेन्सर कूलरमधून परत येणाऱ्या पाइपवर बसवला असेल, तर तो नुकत्याच थंड झालेल्या ऑइलचे तापमान दाखवतो, चेंबरमधल्या ऑइलचे नाही. खाऱ्या हवेत सेन्सरचे टर्मिनल लवकर गंजते. नेहमीच्या सेन्सरमध्ये विरोध वाढला की काटा थंड दाखवतो, त्यामुळे गंजलेले टर्मिनल किंवा सैल अर्थिंग असेल तर गरम ऑइलही थंड भासते. एका वायरच्या सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली असेल तरी अर्थिंग कमी पडते.

खात्री करण्यासाठी ट्रॅक्टर नेहमीच्या कामावर 40-45 मिनिटे चालवावा. मग इंजिन बंद करून डिपस्टिकच्या नळीतून तारेचा थर्मामीटर आत सोडून तापमान मोजावे. तार फिरत्या भागात अडकू नये म्हणून इंजिन पूर्ण थांबल्यावरच हे करावे. एक लक्षात ठेवा, पाणी दहा मिनिटांत तापले तरी ऑइलला त्याच्या दुप्पट वेळ लागू शकतो. घाईने मोजू नये.

2. पाण्याचा थर्मोस्टॅट जागेवर आहे का?
इंजिन गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरचा वरचा पाइप सुरुवातीला थंड राहून काही मिनिटांनी एकदम गरम व्हायला हवा. तो पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकला आहे.

काढलेला थर्मोस्टॅट घरीच तपासता येतो. पातेल्यातील पाण्यात तो दोरीने अधांतरी टांगावा, शेजारी थर्मामीटर ठेवून पाणी तापवावे. थर्मोस्टॅटवर छापलेल्या आकड्याच्या आसपास, उदाहरणार्थ 82 अंशांना, तो उघडू लागला पाहिजे. थंड पाण्यातच उघडा दिसला तर बदलावा. मूळ दोष इथे असेल, तर कूलरला हात लावण्याची गरज उरत नाही.

3. कूलरच्या जोडणीत ऑइलचा थर्मोस्टॅट आहे का?
बाहेरून बसवलेल्या कूलरसाठी ऑइल फिल्टरखाली एक प्लेट बसवतात आणि तिच्यातून दोन पाइप काढतात. ही प्लेट दोन प्रकारची मिळते. साध्या प्लेटमधून ऑइल पहिल्या मिनिटापासून कूलरमध्ये जाते. थर्मोस्टॅट असलेल्या प्लेटमध्ये ऑइल सुमारे 80 अंश होईपर्यंत बहुतांश आतल्या वाटेनेच फिरते. बिलावर काय लिहिले आहे ते पाहावे, बसवणाऱ्या मेकॅनिकला विचारावे. काम सुरू करून पाच मिनिटांत कूलरचे दोन्ही पाइप कोमट लागले, तर प्लेट साधी आहे किंवा तिचा थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे.

4. कूलर गरजेपेक्षा मोठा आहे का?
कूलरच्या जाळीचा अर्धा भाग पत्र्याने झाकून तेच काम अर्धा तास करावे आणि पुन्हा मोजावे. तापमान 80 च्या वर गेले, तर कूलर मोठा आहे. ही फक्त चाचणी आहे. ती करताना काट्यावर लक्ष ठेवावे, रेडिएटर झाकू नये आणि जड कामाआधी पत्रा आठवणीने काढावा.

5. काम कसे आहे?
एका कलमाजवळ पाच मिनिटे फवारणी, मग बंद, पुन्हा सुरू, अशा कामात कूलर नसलेल्या इंजिनाचे ऑइलही पुरेसे तापत नाही. शक्य असेल तेथे जवळजवळच्या फेऱ्या एकत्र कराव्यात. आठवड्यातून एकदा तरी इंजिन सलग तासभर कामावर चालवावे. नुसते उभे ठेवून इंजिन तापवण्याचा उपयोग होत नाही.

हे करू नका

- कूलरच्या पाइपवर कॉक बसवून किंवा पाइप चिमटून ऑइलचा प्रवाह कमी करू नये. बेअरिंगला ऑइल कमी पडले तर इंजिन काही मिनिटांत जाम होते.
- पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडपेक्षा जाड ऑइल भरू नये.
- वॉरंटीत असलेल्या ट्रॅक्टरला कूलर लावण्याआधी विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे.

कूलर ठेवावा की काढावा?

या बागायतदारांच्या नातेवाइकांनी घाटावर मे महिन्यात रोटाव्हेटरसाठी कूलर बसवला होता. तिथे तासन्‌तास जड काम आणि कडक ऊन असते, त्यामुळे त्यांचा निर्णय योग्य असू शकतो. कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर विदर्भासारखा 45 अंशांचा उन्हाळा नसतो आणि बागेतील बहुतेक काम हलके असते. इथे खरी कसोटी चिखलणीच्या काही दिवसांची.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: कूलर बसवण्याआधी ऑइल खरोखर तापत होते का? तापत नसेल, तर कूलर काढून मूळ जोडणी करावी. चिखलणीत तापत असेल, तर आधी रेडिएटरची जाळी, फॅनचा पट्टा आणि ऑइलची पातळी पाहावी. तरीही गरज असेल, तर थर्मोस्टॅट असलेल्या प्लेटसह कूलर ठेवावा.

या ट्रॅक्टरमध्ये दोन दोष निघाले. सेन्सरचे टर्मिनल गंजले होते, त्यामुळे काटा 55 दाखवत असताना ऑइल प्रत्यक्षात 66 अंश होते. आणि फिल्टरखालची प्लेट साधी होती. टर्मिनल साफ करून प्लेट बदलल्यावर फवारणीच्या कामात ऑइल 88 अंशांपर्यंत जाऊ लागले. ओल साठलेले जुने ऑइल व फिल्टर मात्र मुदतीआधीच बदलावे लागले. दुरुस्तीनंतर हे करायलाच हवे, नाहीतर गाळ आत तसाच फिरत राहतो.

सहायक कृषी अधिकारी व विस्तार कार्यकर्त्यांनी भेटीत ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहावे आणि डिपस्टिक काढून वास घ्यावा. दोन मिनिटांचे काम आहे. मोहोरावर तुडतुडे वाढलेले असताना ट्रॅक्टर गॅरेजमध्ये अडकला, तर चुकलेली फवारणी परत मिळत नाही. हे काम पावसाळा संपताच, मोहोर येण्याआधी उरकावे.