संगणक असलेल्या जुन्या मोटारीचे टायमिंग

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील भरलेली पेट्रोल गाडी संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट चढताना टकटक आवाज करू लागली, तर ठिणगी वेळेआधी पडत असण्याचा संभव असतो. असे दीर्घकाळ चालल्यास पिस्टन निकामी होतो. ठिणगी उशिरा पडल्यास ओढ घटते, इंजिन तापते व पेट्रोल जास्त लागते.

डिस्ट्रिब्युटर असलेल्या काही जुन्या गाड्यांत मूळ टायमिंग हाताने लावावे लागते. परंतु संगणक ते क्षणोक्षणी बदलत असतो. म्हणून प्रथम त्याला थांबविल्याशिवाय केलेले माप फसवे ठरते.

कृती :

१. इंजिन पूर्ण गरम करावे. दिवे व पंखा बंद ठेवावेत.

२. इंजिन बंद करून, गाडीच्या पुस्तिकेत दाखविलेली टोकेच तारेने जोडावीत. चुकीची टोके जोडल्यास संगणक बिघडू शकतो.

३. टायमिंग लाइट पहिल्या सिलिंडरच्या वायरला लावावा. इंजिन सुरू करून पुलीवरील खूण पुस्तिकेतील अंशाशी ताडून पाहावी. उपरणे, सैल बाह्या पट्ट्यापासून दूर ठेवाव्यात.

४. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करून तो किंचित फिरवावा. रोटरच्या उलट दिशेस फिरविल्यास ठिणगी लवकर पडते.

५. बोल्ट आवळून खूण पुन्हा पाहावी. मग इंजिन बंद करून तार आठवणीने काढावी. अन्यथा संगणक टायमिंग बदलू शकणार नाही.

डिस्ट्रिब्युटर नसलेल्या गाडीत टायमिंग फिरवून लावता येत नाही. तेथे सेन्सर व वायरिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे.