वाडा, माळवद आणि जुन्या वस्तूंचा नाद

जुन्या वस्तूंचा नाद हा एकलकोंड्या माणसाचा छंद होय, अशी समजूत आपल्याकडे बरीच रूढ आहे. आणि नाणी किंवा टपालतिकिटे जमविणाऱ्यांच्या बाबतीत ती काही अंशी खरीही असेल. परंतु हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे जुन्या वस्तूंची म्हणून वेगळी पेठ नाही आणि जे काही जुने शिल्लक आहे ते लोकांच्या राहत्या घरांत, माजघरातील उतरंडीत, देवघराच्या कोनाड्यात आणि माळवदाखालच्या अंधाऱ्या खोल्यांत पडून आहे, तेथे एकट्या पुरुषाने हा उद्योग करू म्हटले, तर त्याची मजल ढेलजेच्या, म्हणजे दरवाजालगतच्या बैठकीच्या, पुढे सहसा जात नाही. ढेलजेत त्याला पाणी मिळते, चहा मिळतो, गावच्या राजकारणाची साद्यंत हकीकत मिळते. माजघराचे दार मात्र उघडते ते त्याच्याबरोबर आलेल्या बायकामाणसांसाठी, आणि शिडीवरून माळवदावर जाण्याची मुभा मिळते ती मुलांना. म्हणून आमच्या भागात हे वेड लागते ते कुटुंबच्या कुटुंबाला. “मावशी, ही परात कुठली म्हणायची?” एवढ्या एका प्रश्नावर घरधनीण माहेर, मामा, लग्नातला रुखवत आणि बहात्तरच्या दुष्काळात काय काय मोडीत निघाले, हे सर्व ओळीने सांगू लागते, आणि तितक्या वेळात पुरुषमंडळींनी खांबांचे खण मोजून घेतलेले असतात.

हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाच तालुक्यांचा हा जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीपासून विभक्त झाला. कागदोपत्री तो तरुण आहे, वस्तीने फार पुरातन. औंढ्याच्या नागनाथाचे यादवकालीन काळ्या पाषाणाचे मंदिर आणि परंपरेने नामदेवांचे जन्मग्राम मानले गेलेले नर्सी ही दोन स्थाने सर्वांना ठाऊक असतात. परंतु 1903 पर्यंत हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या छावणीचे ठिकाण होते, आणि 1948 च्या सप्टेंबरपर्यंत सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, ही गोष्ट जुन्या वस्तूंच्या शोधकाला अधिक उपयोगी पडते. कारण येथील घरांत जे सापडते त्यावर या राजवटीची मोहर उमटलेली असते. चारमिनाराचे चित्र असलेला हाली रुपया, उर्दू मजकुराचे मुद्रांकित कागद, मोडीत लिहिलेल्या देशमुखी-देशपांडेपणाच्या सनदा, हे सारे एकाच लोखंडी पेटीत एकमेकांना चिकटून बसलेले आढळते. सात हाली रुपयांना सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, हा हिशेब ज्यांनी व्यवहारात केला, अशी माणसे आता विरळ उरली आहेत.

वस्तूंच्या आधी घर पाहावे, असा आमचा परिपाठ आहे. मराठवाड्यातील जुन्या घराची रचना वरवर साधी वाटते. वस्तुतः ती फार विचारपूर्वक सिद्ध झालेली आहे. दगडमातीच्या रुंद भिंती, आणि त्या भिंतींच्या आत, बहुधा त्यांच्यावर भार न टाकता उभी असलेली सागवानी खांबांची चौकट. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या लहान चिपांचा, म्हणजे किलचाचा, थर. त्यावर पालापाचोळा किंवा काड्या. आणि सर्वांवर हातभर किंवा त्याहूनही जाड अशी पांढरी, खारी माती. हे माळवद. चार खांबांमधल्या जागेला खण म्हणतात, आणि “आमचं घर बारा खणांचं” असे म्हातारी माणसे आजही सांगतात; चौरस फुटांचा हिशेब त्यांच्या तोंडी येत नाही. माळवदाला मध्येच जी गोल भोके ठेवलेली असतात त्यांना सवणे म्हणतात. त्यांतून धूर जातो, उजेड येतो, आणि भर उन्हाळ्यात, बाहेर अंगाची लाहीलाही होत असताना, त्या उजेडाचा एक तिरपा कवडसा थंड जमिनीवरून सरकत जातो, ज्यावरून घरातल्या स्त्रिया वेळ ओळखीत. मृग लागण्यापूर्वी माळवदावरचे गवत उपटून नवी माती पसरावयाची आणि ती चोपून बसवावयाची, हे दरवर्षीचे काम होते. ज्या वर्षी ते चुकले त्या वर्षी घर गळले.

ही माती येते कोठून, या प्रश्नात जुन्या घराचा आणि जुन्या वस्तूचा खरा संबंध दडलेला आहे. शेताची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी, ही विभागणी गावगाड्याच्या दप्तरात पूर्वापार आहे. शेकडो वर्षे माणसांनी राहून, चुली पेटवून, भिंती पाडून आणि पुन्हा उभारून जी टेकाडे तयार झाली, त्यांची राखाडलेली पांढरी माती चिकट आणि पाणी न झिरपू देणारी असते. म्हणून माळवदासाठी गावोगावी तीच खणून आणीत. तिच्यातून अर्थातच खापरे येत, मणी येत, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे येत, क्वचित एखादे नाणे येई. म्हणजे आपण ज्या वाड्याला दोनशे वर्षांचा म्हणून नमस्कार करतो, त्याच्या डोक्यावर त्याहून कितीतरी जुने गाव पसरलेले असू शकते. मोठ्या पावसानंतर मुलांना माळवदावर सोडावे; वर धुऊन निघालेले एखादे खापर त्यांच्या नजरेला आपल्याआधी पडते.

मराठवाड्यातील एक मोठा खासगी संग्रह याच मातीतून उभा राहिला. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे आज लहानसे गाव आहे. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेले तगर म्हणून ज्या नगराचा उल्लेख येतो, ते हेच, असे विद्वानांनी मान्य केले आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे हे ना पुराणवस्तुशास्त्राचे पदवीधर, ना शासनाचे अधिकारी. पण गावच्या टेकाडांतून पावसाने उघड्या पडलेल्या, माती खणताना वर आलेल्या वस्तू त्यांनी मोठ्या चिकाटीने गोळा केल्या. पांढऱ्या चिकणमातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या सातवाहनकालीन मूर्ती, मणी, दिवे, आणि त्या सर्वांत प्रसिद्ध अशी हस्तिदंती स्त्रीप्रतिमा. इटलीतील पाँपेई येथे 1938 साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे असलेले साम्य पाहून पंडित चकित झाले. पुढे हा संग्रह शासनाच्या स्वाधीन झाला आणि आज तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय लामतुरे यांच्याच नावाने ओळखले जाते. हिंगोलीहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी ही जागा आहे; मुलांना अजिंठा-वेरूळ दाखविण्याआधी तेर दाखवावे, असे माझे मत आहे, कारण तेथे राजांचे वैभव थोडे आणि माणसांच्या हातचे फार आहे.

खासगी संग्रहाचे दुसरे उदाहरण पुण्याचे, आणि ते तर सर्वस्वी कौटुंबिक. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. 1920 च्या सुमारास त्यांना वस्तू जमविण्याचा नाद लागला आणि 1960 पर्यंत त्यांच्या घरात सुमारे पंधरा हजार वस्तू जमल्या. पत्नी कमलाबाई यांच्या साथीवाचून हे घडले नसते, हे सर्वश्रुत आहे. बालवयात निवर्तलेल्या राजा या मुलाच्या नावाने संग्रहालय उभे राहिले, आणि 1975 साली केळकरांनी ते महाराष्ट्र शासनाच्या हवाली केले. त्या संग्रहात तलवारी आणि चित्रे आहेत हे खरे. पण त्याचे खरे मोल अडकित्त्यांत, दिव्यांत, कुलपांत, दौतींत, पाय घासावयाच्या वज्रींत आणि शेवेच्या सोऱ्यांत आहे. ज्या काळी पुराणवस्तू म्हणजे शिलालेख आणि ताम्रपट अशी विद्वानांची धारणा होती, त्या काळी स्वयंपाकघरातील वस्तूला इतिहासात जागा देणे हे धारिष्ट होते. केळकरांची ही दृष्टी आमच्यासारख्या सामान्य कुटुंबांना फार जवळची वाटते. शिलालेख काही आपल्या वाट्याला यावयाचा नाही, अडकित्ता येतो.

तर अशी वस्तू हाती आली की पाहावयाचे काय? पहिली गोष्ट झीज. जेथे हात लागतो, बोट टेकते, पळी घासते, तेथेच वस्तू झिजली पाहिजे. ज्या कोपऱ्यात शंभर वर्षांत कोणाचे बोट पोचण्याचा संभव नाही तोही गुळगुळीत दिसला, किंवा सगळ्या अंगावर सारखाच काळेपणा चढलेला दिसला, तर तो आम्लाचा आणि मातीत पुरून ठेवण्याचा प्रताप समजावा. तांब्याच्या जुन्या भांड्याच्या पोटात बोट फिरवून पाहावे: दोन तुकडे दातांत दात बसवावे तसे एकमेकांत गुंतवून झाळलेला सांधा लागतो, आणि बाहेर तांबटाच्या हातोडीचे ठोके ओळीने दिसतात. यंत्रावर एका पत्र्यातून दाबून काढलेल्या भांड्याला हे दोन्ही नसते. त्यानंतर बुड उलटे करावे. आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नावे घालण्याची रीत आहे. देणाऱ्याचे नाव, गाव, कधी शक, कधी फसली सन. फसलीत सुमारे 590 मिळविले की इसवी सन निघतो. एका घरातली दहा भांडी अशी उलटी करून वाचली, तर त्या घरातल्या सुना कोणत्या गावांहून आल्या आणि कोणत्या पिढीत सोयरीक गोदावरीपलीकडे गेली, याची वंशावळ हातात येते, जी कोणत्याही तहसिलीच्या दप्तरात नसते. धान्याची मापे हा असाच एक ऐवज. दशमान पद्धतीच्या 1956 च्या कायद्यानंतर पुढच्या काही वर्षांत शेर, अदशेर, पायली ही मापे व्यवहारातून उठली. चार शेरांची पायली आता कुठे हळदीच्या डब्यावर झाकण म्हणून, कुठे तुळशीला पाणी घालण्यासाठी वापरात असते. ती विकत मागू नये. तिच्यात किती ज्वारी मावते ते मोजून घ्यावे, छायाचित्र काढावे, आणि तुळशीजवळच राहू द्यावी.

हा मुद्दा मी थोडा हट्टाने मांडतो, कारण वस्तू घरातून बाहेर पडली की तिची साक्ष निम्मी संपते. वाड्याची चौकट विकली जाते ती वाटणीत. पाच भावांत वाडा पडतो, दोघे पुण्याला, एक नांदेडला, राहिलेल्या दोघांना सिमेंटचे घर हवे असते. मग सागवान घनफुटावर जाते, दगड ब्रासवर जातो, आणि गणेशपट्टीचा दरवाजा कोणा दलालामार्फत महानगरातील एखाद्या उपाहारगृहात काचेखाली मेज होऊन बसतो. विकणाऱ्याला दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचा भार यांखाली हजारो माणसे गाडली गेली, आणि त्या दिवसापासून मराठवाड्यात माळवदाखाली झोपण्याचे भय घराघरांत शिरले. हिंगोली जिल्ह्यालाही त्या भयाचे कारण आहे. वसमत-कळमनुरीकडच्या गावांत जमिनीतून गूढ आवाज येतात आणि हलके धक्के बसतात, आणि 21 मार्च 2024 च्या सकाळी बसलेला साडेचार रिश्टरचा धक्का तर नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. तेव्हा नांदेडच्या प्रशासनाने लोकांना सांगितले, की पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या. जुने घर प्रिय असणाऱ्याने हे वास्तव डोळ्याआड करता कामा नये: लाकडी चौकट निरोगी आहे काय, भिंतींचे दोन पदर सुटले आहेत काय, वर्षानुवर्षे मातीवर माती टाकून माळवदाचा भार वाढला आहे काय, हे जाणत्या अभियंत्याकडून तपासून घेतल्याशिवाय वाडा राखण्याचा उपदेश कोणास करू नये.

कायद्याच्या दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. 1972 चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम 1976 पासून अमलात आहे. त्यान्वये शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावशेष ठरते, हस्तलिखिताच्या बाबतीत ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे, मूर्ती आणि चित्रे यांसारख्या ठराविक प्रकारांची नोंदणी करावी लागते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. दुसरा कायदा 1878 चा, निखातनिधीचा: जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले, तर त्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते. दहा रुपयांचा आकडा आता हास्यास्पद वाटतो, पण कायदा तसाच आहे. आणि पारावरच्या भंगलेल्या मूर्ती, गावकुसाबाहेरचे वीरगळ यांना तर हातच लावू नये. त्या गावाच्या आहेत, आणि शेंदूर फासलेल्या दगडालाही गावात कोणी ना कोणी दर अमावास्येला नारळ फोडत असतो.

कागदांची गोष्ट राहिली. भांडी मोडीत जात, लाकूड विकले जाई, पण लाल फडक्यात बांधलेले मोडी आणि उर्दू कागद, कोणालाच वाचता येत नसल्यामुळे, निरुपद्रवी म्हणून टिकून राहिले. वाळवीने खाल्ले तेवढे खाल्ले. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली जाऊन मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मराठा आरक्षणाच्या वादात कोणाचा पक्ष कोणताही असो, गावोगावच्या पेट्या एकाएकी उघडल्या. मोडी जाणणाऱ्यांचा शोध सुरू झाला. निजामकालीन दप्तरांसाठी अधिकाऱ्यांना हैदराबादच्या वाऱ्या कराव्या लागल्या. आम्ही वर्षानुवर्षे ज्या घरांत “ते कागद एकदा दाखवा हो” म्हणून विनवीत होतो आणि “कशाला, त्यात काय आहे?” असे उत्तर ऐकत होतो, त्याच घरांतून आता निरोप येतात, की आजोबांची पेटी खाली काढली आहे, तुमच्या ओळखीचा कोणी वाचणारा असेल तर त्याला घेऊन या. वाचणारा मिळेपर्यंत कागदांना चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकच्या आवरणात बंद करू नका, सुती कापडात सैल बांधून कोरड्या जागी ठेवा आणि प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढा, एवढे आम्ही दूरध्वनीवरच सांगून ठेवतो. मग सवडीने, सगळे मिळून जातो.