रेश्के घराण्याचा खर्ज

युरोपीय ऑपेरात प्रेम करण्याचा, आणि प्रेमापायी प्राण देण्याचा, मक्ता परंपरेने टेनरकडे, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुषकंठाकडे असतो. ज्याचा स्वर खर्जात नांदतो त्या बास गायकाच्या वाट्याला राजे, धर्मगुरू, वृद्ध पिते आणि प्रसंगी साक्षात सैतान अशा भूमिका येतात. त्यामुळे बास गायक कितीही थोर असला, तरी टाळ्यांचा मोठा हिस्सा दुसऱ्याच्याच पदरात पडावयाचा. एडवर्ड रेश्के या पोलिश गायकाच्या बाबतीत तर हा दुसरा म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ होता.

एडवर्डचा जन्म २२ डिसेंबर १८५३ रोजी वॉर्सा येथे झाला. पोलंडचे स्वातंत्र्य त्यापूर्वीच लयाला गेले होते. रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया या तीन सत्तांनी तो मुलूख आपसांत वाटून घेतला होता आणि वॉर्सावर झारचा अंमल होता. आई गाणारी होती आणि तिच्या अपत्यांपैकी झाँ, एडवर्ड व जोझेफीन हे तिघे पुढे रंगभूमीवर गाजले. स्वदेशात व नंतर इटलीत शिक्षण घेऊन एडवर्ड पॅरिसला आला. तेथे २२ एप्रिल १८७६ रोजी व्हेर्दीच्या ‘आयदा’च्या पहिल्या पॅरिस-प्रयोगात तो इजिप्तच्या राजाच्या वेशात प्रथम उभा राहिला, तेव्हा वाद्यवृंदाचे संचालन करीत होते स्वतः व्हेर्दी. बावीस वर्षांच्या नवख्या गायकाला याहून मोठी सनद कोणती मिळावी?

पुढील वर्षी मास्नेचा ‘लाहोरचा राजा’ पॅरिसला रंगभूमीवर आला आणि त्यातील नायिका सीता सर्वप्रथम साकारली ती जोझेफीनने. या ऑपेरात लाहोरच्या राजाचे नाव अलीम, त्याच्या प्रेयसीचे नाव सीता, आणि कपटाने मारला गेल्यावर हा अलीम जातो तो थेट इंद्राच्या स्वर्गात! फ्रेंच कल्पनेतील हा हिंदुस्थान आपल्याला गमतीचा वाटला, तरी तेथील प्रेक्षकांनी तो भक्तिभावाने पाहिला. १८८० मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये एडवर्डने पहिले पाऊल टाकले तेही याच ऑपेरात, देवेंद्राच्या भूमिकेत. आणि हा उंचापुरा, विशाल देहाचा, भरदार आवाजाचा पुरुष त्या सिंहासनावर शोभला असणार यात मला तरी शंका वाटत नाही.

त्याच्या गुणांची खरी पारख मात्र मिलानच्या ला स्काला येथे झाली. व्हेर्दीने आपला जुना, फसलेला ‘सिमॉन बोक्कानेग्रा’ नव्याने लिहून काढला आणि मार्च १८८१ मध्ये तो रंगभूमीवर आणला, तेव्हा फिएस्कोची भूमिका एडवर्डकडे आली. कन्येच्या मृत्यूने खचलेला आणि तरीही वैर न सोडणारा हा सरदार म्हणजे बास गायकाच्या कसोटीचा दगडच. येथे खर्जाला केवळ दरारा पुरत नाही, करुणाही लागते.

थोरला भाऊ झाँ प्रारंभी बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचा गायक होता. टेनर म्हणून त्याचा भाग्योदय झाल्यावर दोघे बंधू जोडीनेच गाऊ लागले. १८८५ च्या ‘ल सिद’मध्ये झाँ हा तरुण वीर रोद्रिग, तर एडवर्ड त्याचा अपमानित वृद्ध पिता झाला. वयाने जवळजवळ चार वर्षांनी लहान असलेला भाऊ थोरल्याचा बाप होतो, हा बास गायकाचा प्राक्तनयोगच म्हणावयाचा! १८८८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात संगीतकार गुनोच्याच संचालनाखाली त्याच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मध्ये झाँ रोमिओ, आदेलिना पात्ती ज्युलिएट आणि एडवर्ड त्यांचे गुप्तपणे लग्न लावून देणारा धर्मगुरू असा योग जुळला. ‘फाउस्ट’मध्ये हाच धर्मगुरू सैतान होऊन त्याच भावाचा आत्मा विकत घेई.

१८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराच्या मंडळींबरोबर दोघे अमेरिकेत आले. शिकागोत ते एकाच रात्री ‘लोहेनग्रिन’मध्ये तेथील रसिकांपुढे प्रथम उभे राहिले. २६ डिसेंबर १८९४ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘ह्यूगनॉट्स’साठी मेल्बा, नॉर्डिका, स्काल्की, मोरेल, प्लाँसाँ आणि हे दोघे बंधू असे सात नामवंत एकत्र आले, तेव्हा व्यवस्थापकांनी उत्तम जागेचा दर सात डॉलर केला आणि हा प्रयोग ‘सप्ततारकांची रात्र’ म्हणून गाजला. शेरलॉक होम्ससुद्धा बास्करव्हिल प्रकरणाची शहानिशा आटोपल्यावर याच ऑपेराची तिकिटे काढून वॉटसनला रेश्के बंधूंचे गाणे ऐकले आहे काय असे विचारतो.

सुखवस्तू गायक सहसा नवे कष्ट अंगावर घेत नाहीत. पण वाग्नरची कामे इटालियनमध्ये गाऊन कीर्ती मिळविल्यावर या दोघांनी प्रौढ वयात ती जर्मनमध्ये बसविली. १८९५ मध्ये झाँ त्रिस्तान आणि एडवर्ड राजा मार्क म्हणून जर्मनमध्ये गायले. विश्वासघात झालेल्या राजाचे ते दीर्घ स्वगत पुष्कळांना कंटाळवाणे वाटते. माझ्या मते मात्र बासच्या भांडारात त्याच्या तोडीचे थोडेच आहे.

१९०३ मध्ये एडवर्डने मेट्रोपोलिटनचा निरोप घेतला आणि त्याच वर्षी कोलंबिया कंपनीसाठी तीन गाणी मुद्रित केली: ‘एर्नानी’तील वृद्ध सरदाराचा विलाप, ‘मार्था’तील बिअरची स्तुती आणि चायकोव्स्कीची एक प्रणयगीतिका. तेव्हाच्या यंत्रात गायकाने कर्ण्यात तोंड घालून गावे आणि स्वरांच्या धक्क्याने सुईने मेणावर रेघ ओढावी असा प्रकार होता; या पद्धतीत खालचे स्वर फारसे उमटतच नसत, म्हणून बास गायकाची हानी सर्वाधिक. तरी ही तीन गाणी उरली. झाँच्या कंठाची साक्ष मात्र प्रयोग चालू असताना मेपलसन नामक ग्रंथपालाने घेतलेल्या अस्पष्ट, खरखरत्या नळकांड्यांवरच शोधावी लागते. ज्याच्या नावाने सिगारेटी विकल्या गेल्या त्या टेनरपेक्षा, त्याच्या मागे उभा राहणारा भाऊ आज आपल्याला अधिक स्पष्ट ऐकू येतो!

निवृत्तीनंतर एडवर्डने काही काळ लंडनमध्ये विद्यार्थ्यांना शिकविले. मग तो पोलंडमधील चेंस्तोहोवा शहराजवळच्या गार्नेक येथील आपल्या वतनावर राहावयास गेला. पहिल्या महायुद्धाने तो मुलूख उद्ध्वस्त झाला, संपत्ती आटली आणि २५ मे १९१७ रोजी तेथेच विपन्नावस्थेत त्याचे निधन झाले. पोलंडचे स्वातंत्र्य अजून दीड वर्ष दूर होते. झाँ फ्रान्समध्ये शिष्य घडवीत १९२५ पर्यंत जगला.