लोखंड 'क्रिस्टल' होऊन तुटत नाही

ट्रकचा ॲक्सल तुटला की गॅरेजमध्ये निदान ठरलेलं असतं : "जुना झाला, आतलं लोखंड क्रिस्टल झालं." पुरावा म्हणून तुटलेला तुकडा दाखवतात, त्यात साखरेसारखे दाणे चमकत असतात. दाणे खरे आहेत, पण निदान साफ चुकीचं आहे.

पोलाद थिजतं तेव्हाच स्फटिकमय होतं. नवाकोरा ॲक्सलही स्फटिककणांचाच असतो, त्यामुळे वापरून तो नव्याने 'क्रिस्टल' होण्याचा प्रश्नच येत नाही.

8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा ॲक्सल तुटला आणि किमान पन्नास माणसं दगावली. हादऱ्यांनी लोखंडाचे स्फटिक होतात, असं तेव्हाचे अनेक इंजिनिअर मानत. 1843मध्येच इंजिनिअर विल्यम रँकिनने दाखवलं की भेग पृष्ठभागावर सुरू होऊन हळूहळू आत सरकते. 1903मध्ये युइंग आणि हम्फ्री या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तिचा उगम पाहिला : उलटसुलट ताणाने कणांमध्ये घसरणीच्या रेषा उमटतात आणि त्यांतूनच भेगा पडतात. हा धातूचा थकवा आहे, कणांची रचना तीच राहते.

तुटलेला ॲक्सल नीट बघा. गुळगुळीत, वळ्यावळ्यांचा भाग भेगेने सावकाश खाल्लेला असतो. दाणेदार भाग शेवटपर्यंत भार पेलत होता आणि एका क्षणात तुटला. ज्याला रोगट म्हणतात, तोच भाग धड होता!

आणखी काही समज :

"ठोकलेलं तांबं कालांतराने आपोआप मऊ पडतं." शुद्ध तांब्याचे नवे कण बनायला साधारण दोनशे अंशांच्या पुढची उष्णता लागते, म्हणून पुण्याच्या तांबट आळीतलं मठारलेलं भांडं पिढ्यान्‌पिढ्या कडक राहतं. घरच्या तापमानाला असं होतं ते शिशाचं.

"तापवून लाल केलेलं तांबं पाण्यात बुडवलं की कडक होतं." ते पोलादाचं; तांबं मऊच राहतं.

"पितळ नुसतं ठेवून तडकतं." ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तडकत, ती तबेल्यातल्या अमोनियामुळे आणि घडवताना धातूत उरलेल्या ताणामुळे.

'क्रिस्टल झालं' म्हटलं की दोष वयावर जातो आणि खरं कारण, म्हणजे धारदार कोपरा, ओरखडा किंवा वाईट वेल्डिंग, नव्या ॲक्सलमध्येही तसंच राहतं. भेग वाढायला वेळ लागतो आणि त्या अवधीत ती अल्ट्रासॉनिक तपासणीत सापडते. म्हणून तुटलेला ॲक्सल भंगारात देण्याआधी भेग कुठून निघाली ते शोधा, आणि ते कारण आधी दूर करा.