खर्जाची सोळा घरे

अशी कल्पना करा की, भाद्रपदात तुम्ही मोरगावला मयूरेश्वराच्या दर्शनाला गेला आहात. दर्शन झाल्यावर गर्दी मागे टाकून तुम्ही कऱ्हेच्या काठाने चालू लागता. दूर कुठेतरी मिरवणूक चालली आहे. गाण्याचे शब्द कळत नाहीत, चालही ओळखू येत नाही. पण ‘धुम् धुम्’ असा घुमारा मात्र स्पष्ट ऐकू येतो. असे का व्हावे बरे?

ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. ३४०० हर्ट्‌झच्या उंच स्वराची तरंगलांबी अवघी १० सेंटिमीटर, तर ५५ हर्ट्‌झच्या खर्जाची ६ मीटरांहून अधिक भरते. आखूड तरंग भिंतींमागे अडतात आणि हवेत लवकर शोषले जातात. लांब तरंग घरांना वळसा घालून पुढे जातात.

विद्युत्-वाद्यांवर रचलेल्या नृत्यसंगीतात अशा खर्ज स्वरांची एक छोटी ओळ पुन्हा पुन्हा वाजत असते. तिला ‘बेसलाइन’ म्हणतात. ती कशी रचतात, ते आता पाहू.

प्रथम हवा स्वर. वाद्यातील मंडल करवतीच्या दात्यांसारखा तरंग निर्माण करते. त्यात ५५ हर्ट्‌झच्या मूळ स्वराबरोबर ११०, १६५, २२० असे उपस्वरही असतात. मग गाळणीचे काम करणारे दुसरे मंडल वरचे उपस्वर हवे तेवढे कमी करते. ही गाळणी तुमच्याजवळही आहे! एकच स्वर धरून ‘ऊ’ म्हणा आणि हळूहळू ‘आ’ करा. स्वर तोच राहतो, पण तोंडाचा आकार बदलताच नाद उजळतो. सगळे उपस्वर मात्र काढून टाकत नाहीत. लहान रेडिओच्या कर्ण्यातून ५५ हर्ट्‌झचा स्वर नीट उमटत नाही. पण ११०, १६५, २२० ऐकून आपला मेंदू तो मूळ स्वर स्वतःच भरून काढतो.

आता लय. कागदावर सोळा घरे आखा. तीनतालाच्या सोळा मात्रांसारखीच चार-चारांचे चार गट करा. १, ५, ९, १३ या घरांवर पायाने ठेका धरा. ही घरे ढोलाची. ३, ७, ११, १५ या घरांत खालचा ‘सा’ म्हणा. पाहा, अंग आपोआप डोलू लागेल! ढोल आणि खर्ज एकाच घरात आले, तर दोघांच्या कंपनांची गल्लत होते आणि दोन्ही अस्पष्ट होतात. म्हणून रचनाकार घरे रिकामी ठेवतो, किंवा ठोका पडताच खर्ज क्षणभर दाबतो. मिनिटाला १२० ठोके असतील, तर एक घर १/८ सेकंदाचे होते. तेवढ्यात ५५ हर्ट्‌झच्या स्वराची जेमतेम सात कंपने होतात! याहून खाली उतरलो, तर स्वर ओळखणे कानाला अधिकाधिक अवघड जाते.

काही घरांत एक स्वर दुसऱ्यात घसरत जातो. डग्ग्यावर मनगट दाबून तबलजी हेच करतो. सोळा घरांची, घसरणाऱ्या स्वरांची सोय असलेले ‘टीबी-३०३’ हे छोटे यंत्र जपानच्या रोलंड कंपनीने १९८१ मध्ये काढले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये या यंत्राचा खर्ज घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. मिंडेवाचून राग कसला? आणि ती मींड या यंत्रात होती! त्या ध्वनिमुद्रिकेकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९८७ मध्ये अमेरिकेतील शिकागोच्या वादकांनी याच यंत्रावर नवी शैली रुजवली. २०१० मध्ये सिंग यांची मुद्रिका पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे रसिक चकित झाले.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. आपला कान खर्जाला कमी संवेदनक्षम असतो. म्हणून मिरवणुकीत आवाज वाढवतच नेतात आणि त्याबरोबर इतर स्वरही चढतात. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला फार तर आठ तास सोसावा, असे तज्ज्ञ सांगतात. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला उरतात केवळ १५ मिनिटे! आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. तेव्हा मित्रहो, कर्ण्यापासून दूर उभे राहा. खर्ज तिथेही पोहोचतो, हे तुम्ही कऱ्हेकाठी ऐकलेच आहे. आणि स्वतः ओळ रचाल, तेव्हा आवाज वाढवण्याऐवजी एखादे घर रिकामे सोडून पाहा.