आधी सुटका, मग आज्ञा

फुकटच्या वस्तूला किंमत नसते, असं आपल्याकडे म्हणतात. देव पापांची क्षमा कृपेनं करतो, त्यासाठी पुण्याची शिल्लक लागत नाही, असं ख्रिस्ती माणूस सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला लगेच शंका येते. क्षमा ठरलेलीच असेल तर सरळ वागायचं कशाला? आणि सरळ वागावंच लागत असेल, तर ती कृपा कसली?

बीदर जिल्ह्यात ही शंका पुस्तकी नाही. इथल्या मेथडिस्ट मंडळ्यांमध्ये रविवारच्या उपासनेत कृपेचा संदेश दिला जातो आणि दहा आज्ञाही शिकवल्या जातात. शेजाऱ्याला ही गोष्ट परस्परविरोधी वाटू शकते. तसा प्रश्न या मातीला नवा नाही. याच जिल्ह्यातल्या बसवकल्याणात शरण संतांनी बाराव्या शतकात कर्मकांड नाकारलं, पण कायक, म्हणजे पूजेसारखं मानलेलं श्रमाचं काम, मात्र सोडलं नाही. ख्रिस्ती विचारातलं उत्तर मात्र वेगळ्या वाटेनं येतं.

पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात ही शंका स्वतःच मांडली आणि ठामपणे झटकून टाकली. त्याच्यापुढचा वाद रोकडा होता. यहुदी नसलेल्यानं ख्रिस्ताच्या मागं यायचं, तर आधी सुंता करून मोशेचं नियमशास्त्र स्वीकारायचं का? गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल कालक्रमावर बोट ठेवतो. देवानं अब्राहामाला वचन दिलं ते आधी, नियमशास्त्र आलं ते 430 वर्षांनी. मागाहून आलेला नियम आधीचं वचन रद्द करू शकत नाही.

हाच क्रम जुन्या करारातही दिसतो. निर्गमच्या विसाव्या अध्यायात दहा आज्ञा आहेत. पण पहिल्या आज्ञेच्या आधी एक वाक्य येतं आणि त्यात देव लोकांना आठवण करून देतो, की मिसरच्या गुलामगिरीतून मी तुम्हाला बाहेर काढलं. समुद्र ओलांडून झाला, सिनाय पर्वत नंतर आला. आज्ञा पाळल्या म्हणून सुटका झाली, असं तिथं कुठंच नाही. म्हणून यहुदी धर्म म्हणजे कोरडा कायदा आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे कृपा ही सोपी वाटणीही चुकीची ठरते. नव्या कराराचे अभ्यासक ई. पी. सँडर्स यांच्या 1977 च्या ग्रंथानंतर अभ्यासकांनी ती वाटणी बरीचशी सोडून दिली आहे. नियमशास्त्र ही देवानं आपल्या लोकांना दिलेली देणगी, असंच श्रद्धावान यहुदी मानत आले.

थोडक्यात, वाद कृपा की नियम असा नाही. आधी काय आणि नंतर काय, हा आहे. हा क्रम उलटा लागला तर काय होतं आणि सुलटा झाल्यावर काय बदलतं, हे मराठीत सर्वांत स्पष्ट दिसतं ते पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात.

रमाबाईंचा जन्म 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे कर्नाटकातल्या कार्कळकडचे. तीर्थयात्रा, पुराणवाचन, दानधर्म यात घरचा पैसा संपला, तशात दुष्काळ आला. 1874 च्या सुमारास आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. उरलेली भावंडं, रमाबाई आणि श्रीनिवास, पायी देशभर हिंडली. उत्तरेत झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं. तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यात शिरून डोकं तेवढं बाहेर ठेवलं आणि अंगावर वाळू ओढून रात्र काढली. ही आठवण त्यांनी पुढं स्वतः लिहून ठेवली. शास्त्रात सांगितलेलं सगळं करूनही पदरात काही पडलं नाही, हा त्यांचा अनुभव होता.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण प्रश्न तिथं मिटला नाही, त्यानं रूप बदललं. आता चर्चचा अधिकार, मतं आणि शिस्त समोर उभी राहिली. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाई हटून बसतात. भटाभिक्षुकांचं जोखड नुकतंच फेकून दिल्यावर बिशपांचं मानेवर घ्यायची त्यांची तयारी नव्हती. तरीही आतून त्या पूर्वीचंच करत होत्या. चांगलं वागायचं, बायबल वाचायचं, सेवा करायची आणि त्या जोरावर देवापुढं उभं राहायचं.

1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी आपल्याला कळलं, हाती ख्रिस्ती धर्म लागला होता, ख्रिस्त लागला नव्हता. त्या सुमारास त्यांच्या वाचनात विल्यम हॅसलम यांचं आत्मकथन आलं. हॅसलम हे इंग्लंडमधले पाळक. वर्षानुवर्षं लोकांना उपदेश करत असताना एक दिवस स्वतःच्याच प्रवचनात त्यांना स्वतःची गरज कळली. पाळकाची ही गत, मग आपलं काय, हे रमाबाईंना भिडलं. साधनेनं मिळवायचं म्हणून जे त्या शोधत होत्या, ते आधीच दिलेलं आहे, असं त्यांना जाणवलं.

लोकांच्या शंकेप्रमाणे इथून पुढं त्यांनी हात झटकून बसायला हवं होतं. झालं उलट. 1896 नंतरच्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून पोरक्या, उपाशी मुली आणि विधवा गोळा करून पुण्याजवळच्या केडगावला घेऊन आल्या. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये शेती, विणकाम, छापखाना अशी कामं उभी राहिली आणि दिवसाला काटेकोर शिस्त लागली. 1912 मध्ये त्यांची मुलगी मनोरमाबाई यांनी निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्यात शाळा सुरू केली. मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल रमाबाई शेवटपर्यंत तपासत होत्या. त्या 1922 मध्ये वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये केडगावच्याच छापखान्यात पूर्ण झाला. कामं पूर्वीचीच, किंबहुना जास्त. फक्त ती आता देवाकडं जायचं भाडं राहिली नव्हती.

मेथडिस्ट परंपरेच्या मुळाशीही अशीच उलथापालथ आहे. तिचे प्रवर्तक जॉन वेस्ली ऑक्सफर्डला असताना उपास, प्रार्थना, तुरुंगातल्या कैद्यांना भेटी असं सगळं वेळापत्रकाप्रमाणं करत. 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत रोमकरांच्या पत्राला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं लिहिलेली प्रस्तावना वाचली जात होती. ती ऐकताना त्यांना क्षमेची खात्री पटली. पण याच वेस्लींनी 1743 मध्ये अनुयायांसाठी नियमांचं पत्रक काढलं : वाईट करू नका, चांगलं करा, उपासनेची साधनं सोडू नका. कृपा मिळाली म्हणून आज्ञा संपल्या, असं सांगणाऱ्यांशी ते आयुष्यभर भांडले. माणूस देवाकडं वळायच्या आधीच कृपा त्याच्यात काम करत असते, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. नियम नंतर येतो, वाट दाखवायला.

प्रॉटेस्टंट विचारात नियमाची तीन कामं सांगतात. समाजातल्या वाईटाला आळा घालणं, माणसाला स्वतःची चूक दाखवणं आणि क्षमा मिळालेल्याला कसं जगायचं ते सांगणं. तिसऱ्या कामावर धर्मसुधारक कॅल्व्हिननं विशेष भर दिला. ल्यूथरचा कल दुसऱ्याकडं. कॅथलिक चर्चनं 1547 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत, तारण केवळ विश्वासानं मिळतं या ल्यूथरच्या मांडणीवर सडकून टीका केली. पुढची साडेचारशे वर्षं दोन्हीकडची तोंडं दोन दिशांना होती. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग इथं ल्यूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. तारण कृपेनंच मिळतं आणि चांगली कामं त्यातून फळासारखी येतात, एवढ्यावर एकमत झालं. 2006 मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषदही त्यात सामील झाली. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण मूळ क्रम तिघांनी मान्य केला.

हा क्रम कर्जमाफीची सवय असलेल्या आपल्या भागाला येशूच्या एका दृष्टांतातून चटकन कळेल. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एका चाकरावर राजाचं दहा हजार तालांतांचं कर्ज आहे. मजुरीच्या हिशेबात ते सहा कोटी दिवसांच्या घरात जातं. फेडणं अशक्य. राजा ते सगळं माफ करतो. बाहेर पडताच या चाकराला त्याचा सोबती भेटतो. त्याच्याकडून येणं असतात शंभर दीनार, म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. चाकर त्याचा गळा धरतो आणि तुरुंगात टाकतो.

राजा संतापतो, पण जुन्या थकबाकीसाठी नव्हे. माफी मिळालेल्या माणसानं दुसऱ्याला माफी दिली नाही, हा त्याचा राग. कृपा फुकट असते, पण ती घेणाऱ्याला पूर्वीसारखं राहू देत नाही, एवढंच ख्रिस्ती परंपरेला सांगायचं आहे. म्हणून एखाद्याला कृपा खरंच कळली का, हे पाहायचं तर त्याला आज्ञा पाठ आहेत का हे विचारून उपयोग नाही. त्याचं ज्याच्याकडून येणं आहे, त्याच्याशी तो कसा वागतो, ते पाहावं.