परवाना एकाचा, व्यापार दोघांचा

जुन्या दप्तरांत एखादें दस्तक हातीं लागलें कीं, त्यावर ज्याचें नांव तोच त्या व्यापाराचा धनी, असें समजण्याची संशोधकांस संवय असते. आम्हीही पुष्कळ वर्षें तसेंच समजत होतों. परंतु सरकारची अनुज्ञा एकाच्या नांवें, भांडवल दुसऱ्याचें आणि नफा दोघांचा, हा प्रकार फार जुना आहे. व त्यांतून उद्भवणाऱ्या तंट्यांत न्याय कोणत्या बाजूस असतो हें ठरविणें वाटतें तितकें सोपें नाहीं.

धर्मशास्त्रांत भागीदारीस संभूयसमुत्थान अशी संज्ञा आहे. मनूच्या अठरा व्यवहारपदांत तें चौथें, नारदाच्या क्रमांत तिसरें. मनु येथें मुख्यतः ऋत्विजांच्या दक्षिणेची वांटणी सांगतो. व्यापाऱ्यांची व्यवस्था पाहावयाची तर याज्ञवल्क्याकडेच वळलें पाहिजे. लाभ व हानि भांडवलाच्या प्रमाणांत अथवा आपसांतील संकेताप्रमाणें वांटावी. इतरांची मनाई असतां किंवा अनुमति नसतां केलेल्या कृत्याचें नुकसान ज्याचें त्यानें भरून द्यावें. कपटी भागीदारास नफा न देतां काढून टाकावें. ज्यास स्वतः काम करणें अशक्य त्यानें तें दुसऱ्याकडून करवावें. म्हणजे एकाचें काम दुसऱ्यानें करण्यास शास्त्राची आडकाठी नाहीं. पण राजानें निषिद्ध केलेला माल विकल्यास तो राजाकडे जातो, असेंही त्याच प्रकरणांत सांगितलें आहे. भागीदारांची परस्परसंमति राजाज्ञेवर मात करूं शकत नाहीं, हा त्याचा अर्थ आम्ही घेतों. कौटिल्याचा मुद्राध्यक्ष एक माषक घेऊन प्रवासाची मुद्रा देतो. मुद्रेवांचून जाणाऱ्या देशवासीयास बारा पण दंड, खोट्या मुद्रेस पूर्वसाहसदंड. खरी मुद्राच दुसऱ्यानें वापरली तर काय? या प्रश्नापायीं बंगाल्यांत एक राज्य गेलें.

फर्रुखसियरच्या १७१७ च्या फर्मानानें इंग्रज कंपनीस वार्षिक ३,००० रुपयांच्या मोबदल्यांत बंगाल्यांत जकातमाफी मिळाली. दस्तक दाखविलें कीं चौकीवर माल अडवावयाचा नाहीं. सवलत कंपनीच्या मालापुरती. पण कंपनीचे नोकर त्याच दस्तकावर आपलें खाजगी मीठ, सुपारी, तंबाखू नेऊं लागले, आणि पुढें देशी व्यापाऱ्यांसही दस्तकें विकूं लागले. गोऱ्याचें नांव व बनियाचा पैसा, अशी ती जोडी. दस्तकवाल्यानें वांटा बुडविला तर बनियानें हिशेब कसा मागावा? मागावयाचा तर मूळ गैरप्रकार आपल्याच तोंडानें कबूल करावा लागणार! जॉन जॉन्स्टन, विल्यम हे व विल्यम बोल्ट्स यांची भागीदारी या खाजगी व्यापारांत प्रसिद्ध होती. हे १७६३ मध्यें पाटण्यास मारला गेला. बोल्ट्सला कंपनीनें १७६८ मध्यें हद्दपार केलें, व त्यानें १७७२ मध्यें लंडनांत कंपनीच्या कारभारावर टीकेचा ग्रंथ छापला. खाजगी व्यापारावर गबर झालेल्यानेंच कंपनीच्या मक्त्यांची निंदा लिहावी, ही मौज तो ग्रंथ साधन म्हणून वापरतांना विसरूं नये.

१७६२ च्या अखेरीस मुंगेर येथें व्हॅन्सिटार्टनें मीर कासीमशीं खाजगी मालावर शेंकडा ९ जकातीचा ठराव केला. कलकत्त्याच्या कौन्सिलानें तो धुडकावून केवळ मिठावर शेंकडा अडीच देऊं केले. तेव्हां नबाबानें १७६३ च्या मार्चांत सर्वांचीच जकात माफ केली, आणि दस्तकास कांहीं किंमतच उरली नाहीं. त्याच वर्षीं युद्ध पेटलें. ऑक्टोबर १७६४ मध्यें बक्सरला त्याचा निकाल लागला.

अर्वाचीन कायद्यांतही हाच पेंच आहे. १८७२ च्या करार-कायद्याच्या तेविसाव्या कलमान्वयें बेकायदेशीर हेतूचा करार निरर्थक होय. अबकारी परवान्याचें हस्तांतर निषिद्ध असतां परवानेदारानें त्या धंद्यासाठीं केलेली भागीदारी, मग ती परवान्यापूर्वींची असो वा नंतरची, मुळांतच निरर्थक आहे, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानें १९५० मध्यें दिला. सर्वोच्च न्यायालयानें पुढें तीच दृष्टि स्वीकारली. निर्णय तर्कशुद्ध खरा. तथापि त्याचें ओझें बहुधा पैसा घालणाऱ्यावर पडतें, कारण परवाना ज्याचा, दुकानही त्याच्याच ताब्यांत. कपटी भागीदारास काढावें हा याज्ञवल्क्याचा नियमही येथें लागूं पडत नाहीं. भागीदारीच नव्हती असें ठरतें ना!

संग्राहकांस एक विनंति. दस्तक सुटें विकत घेऊं नये. त्याच रुमालांतील रोजकीर्द व खतावणीही मागून घ्यावी. शिक्क्याचा कागद देखणा असल्यामुळें जपला जातो, हिशेबाचे कागद वाळवीस जातात. परंतु दुसऱ्या भागीदाराचें नांव कोठें असलेंच तर तें तेथेंच असतें.